अध्यापक महाविद्यालयांची वाढीव प्रवेशक्षमता आणि न्यायालयीन वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एड. किंवा डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) महाविद्यालयाच्या जागा वाढवून मिळाव्यात म्हणून केलेला अर्ज फेटाळला गेला, रखडला, किंवा मंजूर होऊनही उपयोगात येईना, की संस्थाचालक, प्राचार्य आणि पालक यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्या प्रश्नांची ही उत्तरे महाराष्ट्रातील संस्था डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कायदा केंद्राचा असल्याने त्यातील बराचसा भाग इतर राज्यांतील संस्थांनाही लागू पडेल.

जागा वाढवण्यासाठी नेमकी कोणाची परवानगी लागते?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एन.सी.टी.ई.ची. १९९३ च्या परिषद कायद्यानुसार नव्या संस्थेला कलम १४ खाली मान्यता मिळते आणि मान्यताप्राप्त संस्थेला नवा अभ्यासक्रम सुरू करायचा असेल तर कलम १५ खाली परवानगी घ्यावी लागते. परिषदेच्या विनियमांनी, म्हणजे या कायद्याखाली तिने केलेल्या नियमांनी, चालू अभ्यासक्रमातील वाढीव प्रवेशक्षमताही याच परवानगीच्या चौकटीत आणली आहे. निर्णय परिषदेची विभागीय समिती घेते. महाराष्ट्र पश्चिम विभागीय समितीकडे येतो. या समितीचे कार्यालय पूर्वी भोपाळला होते, आता ते दिल्लीत आहे. जुन्या आदेशांवर भोपाळचा पत्ता दिसला तर गोंधळून जाऊ नये.

विद्यापीठाने जागा वाढवून दिल्या, किंवा शासनाने पत्र दिले, एवढ्यावर एकही वाढीव जागा कायदेशीर होत नाही. हे वाक्य प्रत्येक संस्थेच्या कार्यालयात भिंतीवर लावावे इतके महत्त्वाचे आहे, कारण पुढचे निम्मे वाद इथल्या चुकीतून जन्मतात.

‘जागा’ आणि ‘युनिट’ यांत फरक काय?

२०१४ च्या विनियमांनुसार बी.एड.चे एक युनिट ५० विद्यार्थ्यांचे असते आणि एका संस्थेला जास्तीत जास्त दोन युनिट मिळतात. म्हणजे अर्ज दहावीस जागांसाठी करता येत नाही. तो पूर्ण युनिटसाठी, आपल्या भाषेत वाढीव तुकडीसाठी, करावा लागतो. याच विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले, त्यामुळे एक युनिट वाढले की दुसऱ्या वर्षापासून संस्थेत प्रत्यक्षात १०० विद्यार्थी वाढतात. अध्यापकांचा हिशेबही त्याच प्रमाणात बदलतो. दोन युनिटच्या, म्हणजे एकूण २०० विद्यार्थ्यांच्या संस्थेला १६ पूर्णवेळ अध्यापक लागतात, तर एकाच युनिटला ८ पुरतात. वाढीव तुकडीचा खरा खर्च वर्गखोलीपेक्षा या आठ पगारांत असतो, आणि अर्ज करताना नेमका तोच हिशेब अनेकदा मांडलेला नसतो.

वाद बहुतेक कोणत्या मुद्द्यांवरून होतात?

जमीन, इमारत, अध्यापक आणि तारखा या चार गोष्टींवरून.

जमिनीच्या बाबतीत विनियमांची अट स्पष्ट आहे. अर्जाच्या दिवशी जमीन संस्थेच्या ताब्यात असली पाहिजे, ती बोजाविरहित असली पाहिजे आणि ती मालकीची किंवा शासनाकडून वा शासकीय संस्थेकडून किमान ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली असली पाहिजे. खासगी व्यक्तीकडून घेतलेला भाडेपट्टा, तो ९९ वर्षांचा असला तरी, या अटीत बसत नाही. आता प्रत्यक्ष फाईल उघडून पाहू. सातबारा उताऱ्यावर संस्थेच्या संस्थापक अध्यक्षांचे व्यक्तिगत नाव असते, अकृषिक आदेश जुन्या गट क्रमांकाचा असतो, बांधकाम पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रावर त्याच आवारातील कनिष्ठ महाविद्यालयाचे नाव असते आणि अर्जावर मंडळाचे चौथेच नाव असते. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते की जागा एकच आणि संस्थाही एकच. समितीपुढे मात्र गाव नसते, फक्त कागद असतात, आणि कागदांवर चार वेगवेगळे मालक दिसतात. अशा अर्जात त्रुटी निघाली तर समितीला दोष देता येत नाही. फेरफार नोंद वेळेत करून घेणे हे वकिलाकडे जाण्याआधीचे काम आहे.

अध्यापकांच्या बाबतीत अडचण निराळी असते. तपासणी समाधानकारक झाल्यावर समिती इरादापत्र, म्हणजे उरलेल्या अटी पूर्ण केल्यास परवानगी देण्याचा इरादा कळवणारे पत्र, देते आणि संलग्न विद्यापीठाने मान्य केलेली अध्यापकांची यादी दोन महिन्यांत मागते. जाहिरात, विद्यापीठ प्रतिनिधींसह निवड समिती, मुलाखती आणि मग मान्यतेचे पत्र, एवढे सारे दोन महिन्यांत उरकणे कठीण असते. विद्यापीठाकडे केलेल्या प्रत्येक पत्रव्यवहाराची पोच जपून ठेवलेली असेल तर विलंब आपल्यामुळे झालेला नाही हे पुढे दाखवता येते. पोच नसेल तर नुसत्या सांगण्याला किंमत राहत नाही.

राज्य शासनाने ‘आता आणखी जागा नकोत’ असे कळवले, तर अर्ज संपला का?

नाही. या मुद्द्यावरचा सर्वांत महत्त्वाचा निकाल महाराष्ट्राच्याच प्रकरणात लागलेला आहे. राज्यात प्रशिक्षित शिक्षकांची संख्या गरजेपेक्षा जास्त झाली आहे, या कारणास्तव राज्य शासनाने नव्या अध्यापक महाविद्यालयांना परवानगी नाकारण्याचे धोरण घेतले होते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध संत ज्ञानेश्वर शिक्षणशास्त्र महाविद्यालय या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये निर्णय दिला, की उच्च शिक्षणाच्या दर्जाचे समन्वयन हा घटनेच्या संघसूचीतील, म्हणजे केंद्राच्या अधिकारातील विषयांच्या यादीतील, ६६ व्या नोंदीचा विषय आहे, संसदेने परिषद कायदा करून ते क्षेत्र व्यापले आहे, आणि म्हणून परिषदेने मान्यता दिल्यावर राज्याला आपल्या धोरणाच्या आधारे ती अडवता येणार नाही. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यातील परवानगीच्या तरतुदींचा आधारही तेथे टिकला नाही.

मात्र या निकालाचा अर्थ राज्याला बोलण्याचाच अधिकार नाही, असा काढणे चुकीचे आहे. त्याआधी २००३ मध्ये सेंट जॉन्स टीचर्स ट्रेनिंग इन्स्टिट्यूट या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या ना-हरकत प्रमाणपत्राची विनियमातील अट वैध ठरवली होती. स्थानिक परिस्थितीची माहिती राज्याकडेच असते, त्यामुळे त्याचे मत घेणे योग्यच आहे, पण अंतिम निर्णय विभागीय समितीचा, असे ते सूत्र आहे. २०१४ च्या विनियमांतही समितीने राज्याकडे शिफारस मागायची, राज्याने ती ४५ दिवसांत द्यायची आणि विरोध असेल तर सविस्तर कारणे व आकडेवारी द्यायची, अशी व्यवस्था आहे. म्हणून राज्याचे प्रतिकूल पत्र आले तर पहिला प्रश्न असा विचारावा, की त्यात आपल्या जिल्ह्याची आकडेवारी आहे की सर्व अर्जांना जोडलेला एकच छापील परिच्छेद आहे? आणि दुसरा असा, की समितीने त्यावर स्वतःचे मत बनवले की राज्याचे पत्र वाचून सरळ नकार दिला? दुसऱ्या प्रकारच्या नकाराला आव्हान देता येते.

परिषदेची मान्यता मिळाली म्हणजे दर्जाचा प्रश्न सुटला, असे मानायचे का?

मानू नये. याचाही धडा महाराष्ट्रातूनच मिळाला. पश्चिम विभागीय समितीपुढे आलेल्या राज्यातील २९१ डी.एड. (डी.एल.एड.चे जुने नाव) संस्थांचा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्या प्रकरणातच २०११ मध्ये माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आयोगाने या संस्थांची छाननी केली तेव्हा बहुसंख्य संस्था निकषांना उतरत नसल्याचे आढळले. आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि २०१४ चे कडक विनियम त्यातूनच पुढे आले. आज एखाद्या प्रामाणिक संस्थेला तपासणीच्या चित्रीकरणापासून ते प्रत्येक अध्यापकाच्या नेमणूकपत्रापर्यंत जी काटेकोर छाननी सोसावी लागते, तिच्यामागे हा इतिहास आहे. ती छाननी त्रासदायक वाटली तरी मी तिच्या बाजूचा आहे. ज्या वर्गात उद्याचा शिक्षक घडतो, तो वर्ग कागदावरच असेल तर त्याची किंमत पुढे तीस वर्षे शाळेतली मुले मोजतात.

‘कारणे दाखवा’ नोटीस आली आहे. ती किती गंभीर असते?

संपूर्ण वादातील हा सर्वांत निर्णायक कागद आहे. परवानगी नाकारण्यापूर्वी संस्थेला लेखी म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे, असे कलम १४ आणि १५ सांगतात, आणि ती संधी म्हणजे ही नोटीस. पुष्कळ संस्था तिला दोन ओळींचे उत्तर देतात : ‘सर्व त्रुटींची पूर्तता करण्यात आली आहे, तरी परवानगी मिळावी.’ या उत्तराने काहीही साध्य होत नाही. नोटिशीत सात मुद्दे असतील तर उत्तरातही सात मुद्दे त्याच क्रमाने हवेत आणि प्रत्येकाखाली जोडपत्राचा क्रमांक हवा. जे अजून झालेले नाही ते झाले म्हणून सांगू नये. ‘इमारत आराखड्याची सुधारित मंजुरी अमुक तारखेला नगरपरिषदेकडे मागितली आहे, पोच सोबत जोडली आहे’ असे खरे वाक्य खोट्या पूर्ततेपेक्षा पुढे कितीतरी जास्त उपयोगी पडते. उत्तर मुदतीत पोचले याचा पुरावा जपावा, कारण ‘उत्तर प्राप्त झाले नाही’ या कारणावरून दिलेले नकार नेहमी पाहण्यात येतात.

आणखी एक गोष्ट. नोटिशीत नसलेला मुद्दा अंतिम आदेशात नकाराचे कारण म्हणून आला, तर त्या मुद्द्यावर आपल्याला संधीच मिळालेली नसते. अपिलात हा मुद्दा सर्वांत आधी मांडावा.

नकाराच्या आदेशात ‘संस्थेचे उत्तर समाधानकारक नाही’ एवढीच ओळ आहे. हे पुरेसे आहे का?

नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे, आणि उत्तर का समाधानकारक नाही हे सांगितल्याशिवाय ते कारण ठरत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये निवडणूक आयोगाविरुद्धच्या मोहिंदर सिंग गिल खटल्यात घालून दिलेले तत्त्व इथेही लागू होते : आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरूनच जोखायची, नंतर न्यायालयात प्रतिज्ञापत्र दाखल करून नवी कारणे जोडता येत नाहीत. म्हणून समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि प्रत्यक्ष आदेश हे दोन्ही मिळवून शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. कधी इतिवृत्तात एक कारण आणि आदेशात दुसरेच सापडते.

अपील कोठे आणि किती दिवसांत करायचे?

कलम १४, १५ किंवा १७ (मान्यता काढून घेण्याचे कलम) खालील आदेशाविरुद्ध कलम १८ नुसार परिषदेकडेच अपील करता येते. मुदत ६० दिवसांची आहे. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये. अपिलात म्हणणे मांडण्याची संधी मिळते आणि नकारानंतर पूर्ण झालेली कागदपत्रेही तेथे सादर करता येतात. पुष्कळदा अपील मान्य होते म्हणजे परवानगी मिळते असे नाही. प्रकरण फेरविचारासाठी पुन्हा त्याच विभागीय समितीकडे जाते, आणि अपिलाच्या आदेशातील मुद्दे सोडून समितीने पुन्हा जुन्याच कारणाने नकार दिला, तर दुसरी फेरी सुरू होते. ही फिरती प्रकरणे संस्थांना सर्वाधिक थकवतात.

थेट उच्च न्यायालयात जाता येईल का?

घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते, पण अपिलाचा मार्ग मोकळा असताना न्यायालय सहसा आधी तिकडेच पाठवते. संधीच न देता काढलेला आदेश, अधिकारच नसताना घेतलेला निर्णय, किंवा महिनोन्महिने निर्णयच न होणे अशा प्रसंगी अपवाद होतो. महाराष्ट्रातील संस्था मुंबई उच्च न्यायालयाच्या संबंधित खंडपीठाकडे जाऊ शकते, आणि परिषद व विभागीय समिती दिल्लीत असल्याने अनेक याचिका दिल्ली उच्च न्यायालयातही दाखल होतात. राज्य शासन किंवा विद्यापीठ हेही प्रतिवादी असतील, तर आपल्याच राज्यातील न्यायालय सोयीचे पडते, असा माझा अनुभव आहे.

खटला जिंकल्यावर न्यायालय जागा देते का?

क्वचितच. न्यायालय चुकीचा आदेश रद्द करते आणि ठरावीक मुदतीत नव्याने निर्णय घेण्यास सांगते. संस्था निकष पूर्ण करते की नाही हे पाहण्याचे काम तज्ज्ञ समितीचे आहे, असे न्यायालये मानतात.

इथे दिनदर्शिका आडवी येते. माँ वैष्णो देवी महिला महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये वेळापत्रक घालून दिले. त्यानुसार आगामी शैक्षणिक वर्षासाठीची मान्यता ३ मार्चपर्यंत आणि संलग्नता १० मेपर्यंत मिळालेली असली पाहिजे. ३ मार्चनंतर मिळालेली परवानगी साधारणपणे त्याच्या पुढच्या वर्षालाच उपयोगी पडते. त्याआधी २०११ मध्ये श्री श्याम शिक्षा प्रशिक्षण संस्थान या संस्थेच्या प्रकरणातही अर्जाच्या शेवटच्या तारखांची अट वैध ठरली होती. म्हणून डिसेंबरमध्ये नकार आला आणि याचिका एप्रिलमध्ये केली, तर जिंकूनही एक वर्ष हातचे गेलेले असते. समिती स्वतःच विलंब करत असेल तर जानेवारीतच न्यायालयाकडे जाऊन निर्णयासाठी मुदत मागावी.

अर्ज केला तेव्हाचे नियम वेगळे होते. आम्हाला जुने नियम लागू होतील ना?

बहुधा नाही. प्रलंबित अर्ज निर्णयाच्या दिवशी लागू असलेल्या नियमांनुसार निकाली निघतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये तमिळनाडूतील खाणपट्ट्यांच्या प्रकरणात मांडले आणि ते शिक्षणसंस्थांच्या वादांतही वापरले जाते. नुसता अर्ज केल्याने हक्क निर्माण होत नाही. इरादापत्र मिळून संस्थेने त्यानुसार खर्च केला असेल, तर युक्तिवादाला थोडी अधिक जागा असते.

शेजारच्या महाविद्यालयाला याच त्रुटी असूनही तुकडी मिळाली. समानतेच्या हक्कावर मागणी करता येईल का?

त्यांना चुकून मिळाले म्हणून आम्हालाही द्या, ही मागणी न्यायालयात टिकत नाही. घटनेचा अनुच्छेद १४ कायदेशीर लाभातील समानता देतो, चुकीची पुनरावृत्ती नव्हे.

अल्पसंख्याक संस्थांना सूट आहे का?

दर्जाच्या निकषांतून नाही.

२०१५ मध्ये आमच्या १०० जागांचे एकच युनिट, म्हणजे ५० जागा झाल्या. त्या परत मागणे म्हणजे ‘वाढीव क्षमता’ का?

२०१४ चे विनियम आल्यावर जुन्या संस्थांकडून नवे निकष मान्य असल्याची प्रतिज्ञापत्रे घेऊन सुधारित मान्यता आदेश काढण्यात आले. ज्यांनी त्या वेळी एकाच युनिटचा पर्याय लेखी दिला, त्यांना दुसरे युनिट आता नवी परवानगी म्हणूनच मागावे लागेल, असे मला वाटते. ज्यांनी दोन युनिट मागूनही एकच मिळाले, किंवा नोटीस न देता क्षमता कमी झाली, त्यांची बाजू बळकट आहे, कारण आधी दिलेली मान्यता काढून घेण्यासाठी कलम १७ ची पद्धत पाळावी लागते. त्या कलमानुसार काढलेला आदेश कळवल्यानंतरच्या पुढील शैक्षणिक सत्राच्या अखेरीपासूनच अमलात येतो.

परवानगी आहे, पण विद्यापीठ संलग्नता देत नाही. प्रवेश सुरू करावेत का?

अजिबात करू नयेत. कलम १६ विद्यापीठाला परिषदेच्या मान्यतेआधी संलग्नता देण्यास मनाई करते, पण मान्यता मिळाली म्हणजे संलग्नता आपोआप मिळाली असे होत नाही. मान्यता आणि संलग्नता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत हे भारतीय एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात २०११ मध्ये, आणि संलग्नतेविना दिलेल्या प्रवेशांना सहानुभूतीने संरक्षण देता येणार नाही हे व्हीनस पब्लिक एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. विद्यापीठ विनाकारण अडवत असेल, तर संत ज्ञानेश्वर निकालाच्या आधारे त्याच्याविरुद्ध न्यायालयात जावे. विद्यार्थ्यांना आधी वर्गात बसवून मग त्यांच्या नावाने दाद मागू नये.

प्रवेश आधीच दिले आहेत. विद्यार्थ्यांचे काय होईल?

हा प्रश्न सर्वांत उशिरा विचारला जातो आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच झालेले असते. अमान्य प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना केवळ दया म्हणून परीक्षेला बसू देणे चुकीचे आहे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या दशकापासून घेतली आहे, आणि १९९२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात उच्च न्यायालयाचा सवलतीचा आदेश रद्द केला आहे. ‘मुलांचे वर्ष वाया जाईल’ हा युक्तिवाद तेव्हापासून कमजोर पडत गेला. कलम १७ नुसार मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाची पदवी शासकीय वा अनुदानित शाळेतील नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही. अंतरिम आदेशावर दिलेले प्रवेशही अंतिम निकालाच्या अधीन असतात, आणि ही गोष्ट विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी लेखी सांगणे हे संस्थेचे किमान कर्तव्य आहे. दागिने गहाण ठेवून मुलीची बी.एड.ची फी भरणाऱ्या आईला ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ या शब्दांचा अर्थ कोणीतरी आधी समजावून सांगितला पाहिजे.

विद्यार्थ्याने प्रवेश घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

तीन गोष्टी तपासाव्यात : परिषदेचा मान्यता आदेश, त्यातील युनिटची संख्या, आणि चालू वर्षाचे विद्यापीठाचे संलग्नता पत्र. बी.एड.साठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत त्या महाविद्यालयाच्या किती जागा दाखवल्या आहेत तेही पाहावे. आदेशात एक युनिट, प्रक्रियेत ५० जागा आणि कार्यालयात मात्र ‘आमच्या शंभर आहेत’ असे सांगितले जात असेल, तर पुढच्या पन्नास जागांबाबत लेखी खुलासा मिळेपर्यंत पैसे भरू नयेत. दाखवलेला आदेश न्यायालयाचा असेल, तर तो अंतरिम आहे की अंतिम हे शेवटच्या पानावर वाचावे, आणि समजत नसेल तर त्याची छायाप्रत घेऊन एखाद्या जाणकाराला दाखवावी. प्रत द्यायला संस्था तयार नसेल, तर तेथे प्रवेश घेऊ नये.